कुत्र्याची तब्येत अचानक बिघडली तर: पहिल्या दोन मिनिटांपासून पुढच्या तीन दिवसांपर्यंत

निफाड तालुक्यातल्या नातेवाइकांच्या बागेतून फेब्रुवारीत चार किलोची द्राक्षांची पेटी आमच्याकडे आली आणि घाईगडबडीत संध्याकाळभर व्हरांड्यातच राहिली. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी शेरूने, आमच्या अकरा किलो वजनाच्या गावठी कुत्र्याने, स्वयंपाकघराच्या दाराशी पहिली उलटी केली. सासूबाईंनी मायेपोटी वाटीभर हळद-दूध पुढे केले. ते तो गटागटा प्यायला आणि दहा मिनिटांत तेही बाहेर आले. ज्या पहिल्या दवाखान्याला आम्ही फोन लावला तिथून उत्तर मिळाले की द्राक्षांनी कुत्र्याला काही होत नाही, सकाळी घेऊन या. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र एका दमात तीन प्रश्न विचारले: वजन किती, द्राक्षे किती खाल्ली आणि केव्हा खाल्ली. तिन्हींपैकी आम्हाला फक्त वजन माहीत होते.

मग मी उरलेली द्राक्षे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, घरात आम्ही खाल्लेले दोन घड हिशेबातून वजा केले आणि जमिनीवरच्या उलटीतल्या फुगलेल्या साली कागदाने बाजूला करून पाहिल्या. साधारण तीनशे ग्रॅम द्राक्षे शेरूच्या पोटात गेली असावीत, एवढे निघाले. डॉक्टरांना तेवढ्यावरून निर्णय घेता आला. शेरू दोन दिवस सलाईनवर होता आणि तिसऱ्या दिवशीचा मूत्रपिंडाचा तपास व्यवस्थित आला. त्या रात्री आमचा सर्वांत मौल्यवान वेळ धावपळीत आणि घरगुती उपायांत गेला, ही खंत मला आजही आहे. म्हणूनच या लेखात आधी पाहणे, मग मोजणे, मग फोन करणे आणि तोपर्यंत तोंडावाटे काहीही न देणे, हा क्रम मी आग्रहाने मांडत आहे.

पहिली पायरी: जवळ जाण्यापूर्वी

कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी वेदनेत तो चावू शकतो, म्हणून पहिली काही सेकंदे दोन पावलांवरून पाहावे. विजेची वायर चावलेली दिसत असेल तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच कुत्र्याला हात लावावा. फवारणीच्या औषधाचा डबा सांडलेला असेल तर हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हातात चढवून कुत्र्याला तिथून दूर करावे. मुलांना आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला वेगळ्या खोलीत पाठवावे. घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहावी, कारण उलटी नऊला झाली की अकराला, हे अर्ध्या तासानंतर घरातल्या कोणालाच नीट आठवत नाही.

याच टप्प्यावर एक इशारा गांभीर्याने घ्यावा. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, त्याला गिळता येत नसेल, आवाज बदललेला असेल किंवा तो विनाकारण अंगावर येत असेल आणि त्याचे रेबीजचे लसीकरण झालेले नसेल किंवा चुकलेले असेल, तर घशात हाड अडकले आहे असे समजून तोंडात हात घालू नये. चावा बसलाच किंवा जखमेवर लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन स्वतःची लस सुरू करावी.

दुसरी पायरी: चार गोष्टी मोजणे

सर्वांत आधी श्वास. कुत्रा पडून असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असे तीस सेकंद मोजून दुप्पट करावे. विश्रांतीत असलेल्या निरोगी कुत्र्याचा श्वास मिनिटाला पंधरा ते तीस असतो. उन्हातून आल्यावर किंवा खेळल्यावर जीभ बाहेर काढून धापा टाकणे स्वाभाविक आहे. परंतु थंड खोलीत शांत पडलेला कुत्रा मिनिटाला चाळीसपेक्षा अधिक वेळा श्वास घेत असेल, किंवा मान ताणून, कोपरे बाहेर काढून, पोटाच्या जोरावर श्वास ओढत असेल, तर पुढचे काही मोजत बसू नये, थेट निघावे.

नंतर हिरड्या. वरचा ओठ हलकेच उचलून दातांवरची हिरडी उजेडात पाहावी. ती ओलसर आणि गुलाबी असायला हवी. अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. पांढरट हिरड्या रक्तस्राव, रक्तक्षय किंवा शॉक (विजेचा धक्का नव्हे, तर रक्ताभिसरण कोलमडणे) सुचवतात, निळसर हिरड्या प्राणवायूची कमतरता, पिवळ्या हिरड्या कावीळ, तर विटेसारख्या लाल हिरड्या उष्माघात किंवा गंभीर जंतुसंसर्ग. आपल्याकडच्या अनेक कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. मला स्वतःला या एका तपासणीचे महत्त्व सर्वाधिक वाटते, कारण तिला कोणतेही साधन लागत नाही आणि फोनवरच्या डॉक्टरांना तिच्याइतकी उपयोगी माहिती क्वचितच दुसरी मिळते.

तिसरी गोष्ट शुद्ध आणि चाल: हाक मारल्यावर कान किंवा डोळे हलतात का, उभे राहता येते का, मागचे पाय ओढले जात आहेत का. चौथी गोष्ट ताप. साधा डिजिटल थर्मामीटर खोबरेल तेल लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर आत ठेवावा. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या मापाने जो ताप वाटतो तो त्याचा नेहमीचा आकडा असतो. नाक कोरडे म्हणजे ताप, हा समज चुकीचा आहे. कुत्रा विरोध करत असेल तर तापमानासाठी झटापट करू नये.

तिसरी पायरी: थांबायचे की निघायचे

काही लक्षणांत सकाळची वाट पाहणे म्हणजे जीव गमावणे असते. श्वासाचा त्रास, पांढऱ्या किंवा निळ्या हिरड्या, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी, पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका किंवा चोवीस तासांत पुन्हा आलेले झटके, वाहनाची धडक, सर्पदंश, विष खाल्ल्याचा संशय, लघवीसाठी सतत जोर लावूनही थेंब न येणे, ही सर्व त्याच क्षणी निघण्याची कारणे आहेत. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारखा खोल छातीचा कुत्रा पुन्हा पुन्हा ओकारी काढत असेल पण बाहेर फक्त फेस येत असेल आणि पोट ढोलासारखे ताणले असेल, तर जठराला पीळ पडल्याची शक्यता असते. हा प्रसंग तासांचा खेळ असतो. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनी सुस्त झाली, पाणी फार पिऊ लागली किंवा तिला घाण वासाचा स्राव होऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी तपासणी करावी. लस न झालेल्या पिल्लाला रक्ताची, उग्र वासाची हगवण आणि उलट्या होत असतील तर पार्वो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार गृहीत धरून त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे आणि विनाविलंब न्यावे, कारण ते काही तासांतच पाणी कमी होऊन कोसळते.

याउलट एखादी उलटी किंवा एक-दोन पातळ शौच झाले, पण हिरड्या गुलाबी आहेत, शेपूट हलते आहे आणि पाणी पोटात टिकते आहे, तर मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत काही तास लक्ष ठेवणे चालते. मान पुढे करून नाकाने घोरल्यासारखा जोरजोरात हवा आत ओढणारा कुत्रा पाहून घरचे घाबरतात, परंतु तो बहुधा उलट दिशेच्या शिंकेचा (रिव्हर्स स्नीझिंग) प्रकार असतो आणि मिनिटभरात आपोआप थांबतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या एका प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. दहा-बारा वर्षांचा कुत्रा सकाळी उठतो तो मान एका बाजूला कललेली, बुबुळे डावी-उजवीकडे झरझर फिरत असलेली आणि पाऊल टाकताच कोसळणारा. लकवा मारला, आता काही उरले नाही, असे म्हणून घरात रडारड सुरू होते आणि काही ठिकाणी तर शेवटचे इंजेक्शन देण्याची विनंतीही केली जाते. यातील अनेक कुत्र्यांना कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा तात्पुरता बिघाड झालेला असतो. दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसू लागते आणि एक-दोन आठवड्यांत ते पुन्हा चालू लागतात, फक्त मान थोडी कललेली राहू शकते. कानाचा संसर्ग किंवा मेंदूचा आजार नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायलाच हवे. पण पहिल्या दिवशी कायमचा निर्णय घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नाशिककरांनी विशेष जपायचे धोके

आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली द्राक्षे आणि कांदे ही दोन्ही पिके कुत्र्यासाठी विषारी आहेत, आणि हे अजूनही फार थोड्या घरांत माहीत आहे. द्राक्षे, मनुके आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांना काहीच होत नाही, तर काहींची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत काम करेनाशी होतात. कोणत्या कुत्र्याला किती प्रमाण बाधेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित प्रमाण असे काही मानायचे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी द्राक्षांतील टार्टरिक आम्ल हे याचे संभाव्य कारण असल्याचे मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, त्यामुळे चिंचेच्या कोळाचा चोथाही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत दवाखाना गाठला, तर डॉक्टर औषधाने उलटी करवून बरेचसे विष बाहेर काढू शकतात.

कांद्याचा परिणाम उशिरा कळतो. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा पोटात गेला की विषबाधा दिसू लागते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅमचा एक लहान कांदा पुरतो. कच्चा, शिजवलेला, तळलेला, भज्यांतला, रश्शातला, सगळा सारखाच घातक. लसूणही त्याच कुळातला. तांबड्या पेशी फुटू लागतात आणि काही दिवसांनी लघवी गडद तांबूस होते, हिरड्या फिकट पडतात, कुत्रा जिना चढताना थांबतो. कांदा साठवायच्या चाळीतून निवडून बाहेर टाकलेल्या कांद्यांच्या ढिगाजवळ मोकळा फिरणारा कुत्रा असा आजारी पडला, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

बागेतल्या औषधांचा धोका मात्र मिनिटांत उभा राहतो. टाकीच्या तळाशी उरलेले फवारणीचे पाणी, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांतून कोंब फुटण्यासाठी लावायच्या पेस्टचे सांडलेले द्रावण, शेडमध्ये ठेवलेले उंदराचे औषध, हे सर्व कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. लाळेच्या धारा, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, अंग थरथरणे, एकाच वेळी लघवी आणि शौच होणे, ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची खूण असते आणि त्यावर ॲट्रोपिनसारखा उतारा उपलब्ध आहे. डब्यावरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. त्या त्रिकोणाचा, घटकाच्या नावाचा आणि माहितीपत्रकावर छापलेल्या उताऱ्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवावा. औषध अंगावर सांडले असेल तर कुत्र्याला चाटू न देता साध्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. उंदराच्या औषधांपैकी रक्त पातळ करणाऱ्या प्रकारात कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग हिरड्यांतून, नाकातून किंवा आत रक्त वाहू लागते. तो ठीक दिसतो म्हणून थांबू नये, कारण व्हिटॅमिन के वेळेत सुरू केल्यास हा मृत्यू टाळता येतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड ताप डोके वर काढतो. जेवण सोडणे, १०४ पर्यंतचा ताप, फिकट हिरड्या, पोटावर जांभळे ठिपके किंवा नाकातून रक्त, यांपैकी काही दिसले तर रक्ततपासणीत प्लेटलेट पाहायला सांगावे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पाराही चाळिशी गाठतो. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला दुपारी बाहेर नेऊ नये. उष्माघातात सावलीत आणून साधे गार पाणी अंगावर ओतावे, पंखा लावावा, तापमान १०३.५ ला आले की ओतणे थांबवावे आणि कुत्रा सावरला तरी दवाखान्यात न्यावे. सर्पदंशात जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे आणि निघतानाच दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे का, हे फोनवर विचारावे.

चौथी पायरी: फोन, आणि तोंडावाटे काहीच नाही

फोनवर रडत प्रसंग सांगण्याऐवजी सहा गोष्टी सांगाव्यात: वय, वजन, काय झाले, केव्हा झाले, श्वासाचा आकडा, हिरड्यांचा रंग. “डॉक्टर, पाच वर्षांचा, अकरा किलोचा कुत्रा आहे, नऊच्या सुमारास तीनशे ग्रॅम द्राक्षे खाल्ली, दोन उलट्या झाल्या, श्वास अठ्ठावीस, हिरड्या गुलाबी,” एवढे वाक्य पुरते. झटका येत असेल तर त्याचा व्हिडिओ घ्यावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो थांबलेला असतो आणि वर्णनापेक्षा चित्र अधिक सांगते. झटक्यात जीभ गिळली जात नाही, त्यामुळे तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. फक्त आजूबाजूचे टेबल-खुर्ची सरकवावी, दिवा मंद करावा.

उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि मूळ विष राहते बाजूला. दूध विष उतरवत नाही, तूप आणि तेल अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या फुप्फुसात जाऊ शकते. घरातल्या पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत; माणसाचे दुखणे थांबवणारी गोळी त्याचे यकृत, जठर किंवा मूत्रपिंड निकामी करू शकते.

श्वास आणि हृदय दोन्ही थांबले असतील तर कुत्र्याला कुशीवर झोपवून छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा, छाती एक-तृतीयांश ते निम्मी दबेल इतका. तीस दाबांनंतर तोंड मिटून नाकातून दोन श्वास द्यावेत आणि दुसऱ्या माणसाने गाडी काढावी.

पाचवी पायरी: नेणे आणि दवाखान्यातले बोलणे

धडक बसलेल्या कुत्र्याला कुशीत उचलू नये. जाड चादर किंवा फळी खाली सरकवून दोघांनी सपाट उचलावे. तोंड बांधायला सुती ओढणी चालते, परंतु उलटी होत असेल, श्वासाचा त्रास असेल किंवा नाक चपटे असेल तर तोंड अजिबात बांधू नये. लसीकरणाचे पुस्तक, चालू औषधे, विषाचा डबा आणि उलटीचा नमुना पिशवीत घालून न्यावा.

निघण्यापूर्वी दवाखाना उघडा असल्याची फोनवर खात्री करणे शहरात फार महत्त्वाचे आहे. सिडकोतून गंगापूर रोडला पोहोचून बंद शटर पाहणे आणि पुन्हा नाशिक रोडकडे वळणे यात जो वेळ जातो, तो जठराला पीळ पडलेल्या कुत्र्याकडे नसतो. संध्याकाळी द्वारका आणि मुंबई नाका टाळणारा रस्ता ठरवून ठेवावा, आणि सिंहस्थाच्या पर्वकाळात पंचवटी-रामकुंड परिसरातले रस्ते बंद होतात हे लक्षात घेऊन नदीच्या आपल्या बाजूचा एक दवाखाना माहीत असावा. गावात गाय-म्हैस असलेल्या घरांना १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक ठाऊक असतो. तो मुख्यतः पशुधनासाठी असला तरी जवळ दुसरी सोय नसेल तर विचारून पाहायला हरकत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला पाठवण्याचा सल्ला मिळाला, तर पावणेदोनशे किलोमीटरच्या त्या प्रवासाआधी सलाईन लावणे, वेदना कमी करणे, पोटातला वायू काढणे यांपैकी इथे काय करता येईल, हे स्पष्ट विचारावे.

डॉक्टरांना संशय कशाचा आहे, आजच आवश्यक तपासण्या कोणत्या आणि उद्यापर्यंत थांबता येईल अशा कोणत्या, खर्चाचा अंदाज काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पैशांची मर्यादा असेल तर ती सुरुवातीलाच सांगावी. मर्यादा कळली की बहुतेक डॉक्टर उपचारांचा क्रम तसा लावून देतात.

सहावी पायरी: घरी आल्यानंतरचे बहात्तर तास

दवाखान्यातून परतल्यावर कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि घरच्यांचा ताण उतरतो, नेमक्या याच काळात दुर्लक्ष होते. द्राक्षांच्या बाबतीत क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची तपासणी तीन दिवसांपर्यंत पुन्हा करावी लागते, कांद्याच्या बाबतीत रक्ताची तपासणी त्याहूनही पुढे, आणि धडकेनंतर फुप्फुसाची सूज किंवा मूत्राशयाची फाट दुसऱ्या दिवशी लक्षात येऊ शकते. लघवी किती वेळा झाली, तिचा रंग कोणता, पाणी किती प्यायले, श्वास किती, हे सकाळ-संध्याकाळ लिहावे. शेरूच्या वेळी मी हे दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत असे; दुसऱ्या रात्री लघवीच्या दोन नोंदींमधले अंतर अकरा तासांचे दिसले तेव्हा ते फोनवर सांगता आले आणि सलाईनची गती बदलली गेली.

आज कुत्रा ठणठणीत असेल तर आजच रात्री तो गाढ झोपल्यावर त्याचा श्वास मोजावा आणि आकडा तारखेसह लिहावा; असे आठवडाभर केले की त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा हाती येतो. रोज ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात आणि लगेच आवडता खाऊ द्यावा, म्हणजे संकटात तो तोंड उघडू देतो. महिन्यातून एकदा वजन करावे. फ्रिजच्या दारावर एका कागदावर ते वजन, लसीची तारीख, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक लिहून लावावा, तो कागद घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावा. आमच्या कागदावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने खाली एक ओळ लिहिली आहे: दूध देऊ नये, आधी फोन करावा.